रुमाल धरणारी शाहीन

पोलीस चोर धरतात, मांजर उंदीर धरते, आमच्या मुखेड-नांदेड गाडीची कंडक्टर रुमाल धरते.

ज्यांना एसटीची सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाडी स्टँडात लागायच्या आधीच माणसं तिच्यामागं पळतात आणि खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात. रुमाल पडला की जागा त्याची. आमच्याकडं तो सातबाराच समजा. मग गडी निवांत पान खाऊन, चार जणांना रामराम करून वर चढतो, आणि तिथं कोणी बसलेलं असलं की भांडण. रुमाल नसला तर टोपी, छत्री, पिशवी. एकानं एका पायातली चप्पल टाकली होती आणि दुसऱ्या पायातली घालून खाली लंगडत उभा होता. हा कायदा कोणी केला माहीत नाही. माझ्या बापाच्या वेळेपासून चालू आहे, आणि मीही पन्नास वर्षं पाळला.

शाहीन या गाडीवर आली आणि पहिल्याच दिवशी तिनं तो मोडला. सगळ्यांच्या आधी वर चढली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकोणीस रुमाल अन् दोन टोप्या उचलून कापडी पिशवीत घातल्या. स्टँडात बोंबाबोंब.

"ओ बाई, रुमाल टाकलाय माझा!"

"हाव, दिसला. तुम्ही कुठं होता?"

"पान आणाय गेलतो."

"मग तिकीट कुणाला देऊ, रुमालाला? नांदेडला कोण उतरणार, तो का तुम्ही?"

पोरगी सव्वीस-सत्तावीसची. अंगानं वाळक्या शेंगेसारखी. खाकी ड्रेसात अशा दोन शाहीन बसतील. डोक्याला ओढणी गच्च बांधलेली. आवाज मात्र असा की मुखेडात बोलली तर कंधारातली गाडी थांबावी.

तिचे अब्बा बशीरभाई. स्टँडच्या भिंतीला लागून त्यांचं इस्त्रीचं दुकान, त्यांच्या बापापासूनचं. धरलेले रुमाल शाहीन घरी नेऊन धुवायची, बशीरभाई इस्त्री करायचे, आणि दुसऱ्या दिवशी ज्याचा त्याला परत. हातात देताना एकच वाक्य, "घ्या, ही खिशात ठेवायची वस्तू हाय."

फुकट धुलाई आणि वर इस्त्री म्हटल्यावर आमची माणसं सोडतात का? काही जण घरातले मळके रुमाल शोधून टाकायला लागले. एकानं पंचा टाकला. एका मास्तरानं तर उशीचा अभ्रा टाकला. शाहीननं तोही धुतला, इस्त्री करून आणला, भर गाडीत त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "सर, गादी कवा टाकता?" मास्तरांनी नांदेड येईपर्यंत खिडकीबाहेरचं शेत सोडून कुठं बघितलं नाही.

एकदा एका बापानं खिडकीतून दीड वर्षाचं लेकरूच आत सोडलं. आम्ही सगळे माना वर करून बघायला लागलो, आता हे कसं पिशवीत घालती! तिनं लेकराला सीटवर नीट बसवलं. "हे माणूस हाय. ह्याची जागा पक्की." मागून त्याची माय आली, ती लेकराला मांडीवर घेऊन बसली. मग बाप आला. त्याला म्हणाली, "तुम्ही उभे ऱ्हावा. तुम्ही खिडकीतून आला न्हाईत." तो कंधारपर्यंत दांडा धरून लोंबकळला.

तिची दुसरी खोड म्हणजे विचार. शाळेत प्रार्थनेनंतर सुविचार सांगतात, तशी ही डबल बेल द्यायच्या आधी दारापाशी उभी राहून रोज एक विचार सांगते. पुस्तकातला नाही, तिचा स्वतःचा. गाडी भरली की हात वर करून म्हणते, "आधी इचार, मग बेल!"

"शेवटच्या स्टॉपला उतरणारानं दारात उभं राहू नये. त्याला कशाची घाई?"

"खिडकी उघडायची का लावायची, हे ज्याला वारं लागतं त्यानं ठरवायचं. खिडकीवाल्यानं न्हाई."

"मोबाईलातलं गाणं आपल्यापुरतं ऐका. बाकीच्यांना न आवडलं तर त्यांना उडी मारता येत न्हाई."

आणि एकदा म्हणाली, "सेवा सेवा लोक म्हणतात. हात जोडणं म्हंजी सेवा न्हाई. म्हातारं माणूस पुरतं चढंस्तोवर बेल न देणं, एवढीच माझ्याकडची सेवा."

ड्रायव्हर पुढून ओरडतो, "बाई, इचार आखूड करा, डिझेल जळून राहिलं!"

पहिल्यांदा मला ही पोरगी अजिबात आवडली नव्हती. खोटं कशाला बोलू?

माझ्या बायकोला, सुंदराला, गाडी लागायची. स्टँड सुटला की तिचं पोट ढवळायचं. त्यामुळं खिडकी तिची. लग्न झाल्यापासून मी दोन रुमाल टाकत आलो, माझा बाहेरच्या बाजूला, तिचा खिडकीकडं. तिचा हिरव्या काठाचा होता. त्याला ती बाम चोळायची आणि रस्ताभर नाकाला धरून बसायची.

मागच्या हिवाळ्यात तिला नांदेडच्या दवाखान्यात न्यायचं होतं. दम लागत होता. मी दोन रुमाल टाकले, तिला हाताला धरून आणेपर्यंत शाहीननं दोन्ही उचललेले, आणि त्या जागेवर एक साहेब बॅग मांडीवर घेऊन बसलेले. माझं डोकं फिरलं. मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. त्यात तिच्या बापाची इस्त्रीसुद्धा आली.

शाहीनचं लक्ष माझ्याकडं नव्हतं. ती पायऱ्यांवर धापा टाकणाऱ्या सुंदराकडं बघत होती. खाली उतरली, तिला काखेत हात घालून वर घेतलं आणि साहेबांना म्हणाली, "उठा साहेब, आजी आल्या."

साहेब उठले. तिनं सुंदराला खिडकीत बसवलं आणि मग माझ्याकडं वळून म्हणाली, "बघा बाबा. माणूस आलं, जागा झाली. रुमालानं काय केलं?"

सुंदरा हसली. दम लागलेला, तरी खदखदून हसली. मला म्हणाली, "पन्नास वर्सं पळत व्हता तुम्ही गाडीमागं. पोरगी बरोबर बोलती."

मग तिकिटं झाल्यावर शाहीन तिच्यापाशी येऊन उभी राहिली. आपल्या डब्यातली लिंबाची फोड तिला हुंगायला दिली. दोघी नांदेडपर्यंत बोलत होत्या. अंबाडीच्या भाजीत लसूण किती, इथपासून सुरुवात झाली. महिनाभरात सुंदरा माझ्याशी बोलली नसेल तेवढं त्या दोन तासांत त्या पोरीशी बोलली. उतरताना म्हणाली, "माझा रुमाल परतीच्या गाडीत दे गं."

परतीला आम्ही त्या गाडीनं आलो नाही. दवाखान्याच्या गाडीनं आलो. तिला आडवी आणली.

तेरावं झालं. सुनेनं तिची लुगडी धुऊन वाटून टाकली, घर फिनेलनं पुसलं आणि पोरगं-सून पुण्याला गेले. त्यांची चूक नाही, नोकऱ्या आहेत. पण घरात माझ्याच्यानं बसवेना. पंच्याहत्तरीच्या पुढं प्रवास फुकट, म्हणून मी रोज नांदेडला जायला लागलो. जायचं, स्टँडात चहा प्यायचा, त्याच गाडीनं परत यायचं.

शाहीननं एकदा विचारलं, "बाबा, नांदेडात काम काय असतं?"

"चहा."

"मुखेडात चहा मिळत न्हाई?"

"मिळतो. कसा असतो, ते तुझ्या बापाला इच्यार."

आता माझी चूक सांगतो. पहिल्याच दिवशी हातानं सवयीनं दोन रुमाल टाकले. दुसरा मी नवाच घेतलेला होता. का घेतला, विचारू नका. वर चढून मी बाहेरच्या बाजूला बसलो, खिडकीत तो रुमाल. शाहीन पिशवी घेऊन आली. माझा उचलून माझ्या हातात दिला आणि दुसऱ्यापाशी थांबली.

"हा कुणाचा?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "येऊन राहिली."

तिनं माझ्याकडं बघितलं. रुमालाकडं बघितलं. पुढं गेली. खिडकी नांदेडपर्यंत मोकळी राहिली.

असं रोज चाललं. तिनं रोज विचारायचं, मी रोज तेच सांगायचं. मला त्यात बरं वाटायचं. दिवसातून एकदा तरी सुंदरा कुठून तरी येत असायची.

पण माणसं आंधळी नसतात. कुजबुज सुरू झाली. बियाण्याच्या दुकानातला एक दाढीवाला मोठ्यानं म्हणाला, "क्या बाई, म्हाताऱ्याला कायदा येगळा का?" शाहीन पुढच्याचं तिकीट काढायला वळली. ती गप्प बसली हे गाडीनं पहिल्यांदा बघितलं, आणि तिथंच तिच्या कायद्याला भोक पडलं.

पुढच्या सोमवारी ती वर चढली तर माझा धरून बारा सीटवर रुमाल. हात लावला की शेजारी बसलेला मालक म्हणायचा, "येऊन राहिली!"

"ओ, हात नका लावू, येऊन राहिली!"

"माझी बी येऊन राहिली!"

मागच्या सीटवर एक विशीतलं पोरगं, मिसरूड नुकती फुटलेली. तेही म्हणालं, "माझी येऊन राहिली."

"तुझं लगीन झालं का रे?"

"जमून राहिलं."

सगळी गाडी हसली. मीही हसलो. मग माझं लक्ष शाहीनच्या तोंडाकडं गेलं आणि हसू गेलं.

गोष्ट सरळ होती. माझा रुमाल उचलला की बाकीचे अकरा तिला उचलता आले असते. नाही उचलला तर तिचा कायदा त्या दिवशी संपला आणि उद्यापासून पुन्हा चपला पडल्या असत्या. सगळी गाडी बघत होती. ती माझ्या सीटपाशी आली, रुमालाकडं बघितलं, आणि रिकामी पिशवी घेऊन तशीच दाराकडं परत गेली. विचार सांगायला हातही वर केला नाही. बेलच्या दोरीला हात घातला.

मी उठलो.

"थांब गं. बेल देऊ नको." मी खिडकीकडं बोट केलं. "माझी काही येऊन राहिली न्हाई. मेली ती, पौषात. मी खोटं सांगत व्हतो. उचल तो रुमाल."

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

शाहीन जागची हलली नाही. म्हणून मीच रुमाल उचलला आणि खिशात घातला. मागं बघतो तर अकराही सीट साफ. ते लगीन जमून राहिलेलं पोरगं तर आपल्या रुमालावर बसलं होतं.

पुढं एक बाई तोंडाला पदर लावून उभी होती, चेहरा पिवळा. मी म्हणालो, "मावशी, गाडी लागती का? या, खिडकी घ्या." ती बसली. कंधारच्या अलीकडं तिला दोनदा उलटी झाली, दोन्ही वेळा बाहेर. खिडकी सार्थकी लागली.

नांदेडला मी नेहमीच्या टपरीवर चहा घेत होतो. शाहीन येऊन बाकड्यावर बसली. तिनं पिशवीत खालपर्यंत हात घातला आणि प्लास्टिकच्या पुडीत गुंडाळलेलं काही माझ्यापुढं ठेवलं. हिरवा काठ दिसला.

"आजींनी परतीच्या गाडीत मागितला व्हता," ती म्हणाली. "तीन दिवस वाट बघितली. चौथ्या दिवशी अब्बांनी सांगितलं."

"एवढे महिने ठेवलास? द्यायचा की."

"कसा देऊ? तुम्ही रोज म्हणायचा, येऊन राहिली."

मी चहा बाजूला ठेवला. मी पुडी सोडली. रुमाल चुरगळलेला होता, एका कोपऱ्याला पिवळट डाग.

"हा इस्त्रीचा न्हाई," मी म्हणालो.

"धुतला न्हाई." तिचा तो मुखेड ते कंधारचा आवाज टपरीच्या बाहेरसुद्धा गेला नसता. "बादलीत टाकणारच व्हते. मी सातवीत असताना अम्मी गेली. खालानं, म्हंजी मावशीनं, तिसऱ्या दिवशी तिच्या सगळ्या ओढण्या धुऊन वाळू घातल्या. चांगल्यासाठीच केलं तिनं. मी शाळेतून आले तर दोरीवर नुस्त्या ओढण्या. सगळ्यांना साबणाचा वास."

मी रुमाल नाकाला लावला. बाम होता. बामाच्या खाली सुंदरा होती.

ती दुसरीकडं बघत बसली. चहा गार झाला. मग ती उठली, ओढणी आवळली आणि आवाज पुन्हा जागेवर आला.

"चला बाबा, गाडी निघंल. अन् सांगून ठेवते, ह्यो खिडकीतून टाकायचा न्हाई."

"टाकला तर?"

"तर धरीन," शाहीन म्हणाली. "पण धुणार न्हाई."