मोहाबाईच्या पुस्तकावरचे बगळे

एका जंगलात प्रेमकथा वाचायचं भारी वेड होतं. इतकं, की सशामागं लागलेला लांडगा मध्येच थांबून म्हणायचा, "दम धर रे, एवढं पान होऊ दे." ससाही थांबायचा. पुढचं पान त्याच्याकडं असायचं.

मुलांनो, या कथा छापायचे ते तळ्याकाठचे बगळेअण्णा. सुतारपक्षी चोचीनं झाडाच्या सालीवर अक्षरं कोरायचे, आणि अण्णा पुस्तकं विकायचे. प्रत्येक कथेत एक पांढराशुभ्र बगळा असे आणि एक पांढरीशुभ्र बगळी. मध्येच गैरसमज होई. शेवटी दोघांनी एक मासा वाटून खाल्ला, की कथा संपली. कधीकधी गैरसमज त्या माशावरूनच झालेला असे. तेवढाच काय तो फरक.

आता त्या जंगलात बगळे असे किती? एका बाभळीवर मावतील एवढे. बाकी सगळं जंगल काळं, करडं नाहीतर मातकट. पण म्हशी, डुकरं, कावळे, सगळे त्या बगळ्यांसाठी डोळे पुसायचे.

मोहाबाई अस्वलीणही पुसायची. लहानपणी ती बगळीसारखी एका पायावर उभी राहून लाजून बघायची. लाजता लाजता एकदा वारुळात पडली. मुंग्या चावल्या, तेव्हा लाजणं राहून गेलं.

पुढं तिचं सोनबाशी लग्न झालं. सोनबा अस्वल अंगानं रांजणासारखा आणि बोलायला कमी. लग्नानंतर तो तिच्यासाठी मधाचं पोळं काढायला गेला. परत आला तो नाक भोपळ्याएवढं घेऊन. मध वाटेतच सांडला होता.

"थोडा नाकाला लागलाय," तो म्हणाला. "तेवढा चाटून घे."

मोहाबाईला वाटलं, कुठल्या बगळ्यानं कुणावर याहून जास्त प्रेम केलंय? तिनं ते सगळं लिहून काढलं.

सोनबाला अक्षर येत नव्हतं. पण पुस्तक होणार म्हटल्यावर त्याला फार बरं वाटलं.

"वरती चित्र असतंय नव्हं?" त्यानं विचारलं.

"असतंय की."

"मग त्यात आपण दोघं असू. तेवढं मला वाचता येईल."

मोहाबाई अण्णांकडं गेली. अण्णांची पुस्तक पारखायची एक रीत होती. ते एका पायावर उभं राहून वाचायचे. कथा कंटाळवाणी असली, तर पाय बदलायचे. बरी असली, तर हलायचे नाहीत. कथेनं दुसरा पाय खाली टेकवला, तर ती थोर समजायची. असं आजवर झालं नव्हतं.

अण्णा वाचू लागले. नाक सुजलं तिथं त्यांचा दुसरा पाय खाली आला. मध चाटला तिथं दोन्ही पायांचं भान गेलं, आणि अण्णा बदकन चिखलात बसले.

"वारा फार सुटलाय आज," अण्णा उठत म्हणाले. झाडाचं पानही हलत नव्हतं.

"म्हणजे आवडली?"

"माझ्या आवडीचं सोडा, बाई. वाचकांचं बघावं लागतं. नायिका लाजली की गाल लाल झाले पाहिजेत. तुमच्या नायिकेला गाल आहेत कुठं?"

"केसांखाली आहेत की."

"तेच म्हणतो मी. आणि नायिका वाचकाला आपली वाटायला हवी."

मागं पुस्तकं घ्यायला रांग लागली होती. त्यातली म्हैस पुढं होऊन म्हणाली, "मला वाटते की आपली."

"तुम्ही नव्हे हो, मावशी," अण्णा म्हणाले. "वाचक."

म्हशीनं मागं वळून वाचकाला शोधलं. मागं दोन कावळे होते आणि एक रानडुक्कर. तेही मागं वळून बघत होते.

"शिवाय गेल्या साली आम्ही कोकिळाचं छापलं," अण्णा म्हणाले. "सारखं सारखं काळं बरं दिसत नाही. आम्ही भेदभाव करत नाही, बाई. फक्त जास्त होऊ देत नाही."

मोहाबाई जागची हलेना. शेवटी अण्णांनी तोड काढली. आत अस्वलं राहू देत, वरती बगळे काढू. पुस्तक खपलं, तर दुसऱ्या आवृत्तीवर अस्वलं.

ती घरी आली आणि म्हणाली, "चित्राचं दुसऱ्या आवृत्तीला बघू म्हणालेत."

"थांबू की," सोनबा म्हणाला. "मला कुठं जायचंय?"

पुस्तक निघालं. वरती बगळे होते, पण लेखिका अस्वल. म्हणून अण्णांनी ते प्रेमकथांच्या फांदीवर ठेवलंच नाही. अस्वलांची वेगळी फांदी होती, तिथं ठेवलं. शेजारी 'अस्वल दिसल्यास काय करावे' आणि 'मेल्याचे सोंग : सोप्या युक्त्या' ही पुस्तकं होती.

साळिंदरानं ते जीव वाचवायला म्हणून विकत घेतलं. रात्रभर रडलं. त्यानं घोरपडीला सांगितलं, घोरपडीनं माकडांना. माकडांना सांगितलं, म्हणजे सगळ्यांनाच सांगितलं.

आणि एक नवल झालं. आधी सोनबा वाटेवर दिसला, की जो तो मेल्यासारखा पडायचा. एकदा तर हत्ती पडला होता. आता सगळे उभे राहू लागले.

"काका, नाक बरं आहे ना आता?" असं विचारू लागले.

"उतरलंय," सोनबा म्हणायचा, आणि घरी येऊन मोहाबाईला सांगायचा, "आज कोल्ह्यानंसुद्धा विचारलं बरं का."

फांदी रिकामी झाली. मोहाबाई लगबगीनं तळ्यावर गेली.

"अण्णा, खपलं. आता अस्वलं काढा."

"अहो बाई, ते खपलं कशामुळं? वरती बगळे होते म्हणून. आता ते काढून कसं चालेल?"

"आणि खपलं नसतं तर?"

"तर अस्वलं खपत नाहीत हे सिद्धच झालं असतं," अण्णा मायेनं म्हणाले.

अण्णा मनानं वाईट नव्हते, मुलांनो. वाईट असते तर मोहाबाईला भांडायला सोपं गेलं असतं. त्यांनी तिच्या हातात दुसऱ्या आवृत्तीचं पुस्तक दिलं आणि पोचवायला चार पावलं आलेसुद्धा.

घरी सोनबानं ओढ्यावर पंजे धुतले. गवताला पुसले. मग पुस्तक मांडीवर घेतलं आणि चित्राकडं बघत राहिला.

"ह्यातला मी कुठला?" त्यानं विचारलं.

मोहाबाईला वाटेत बरंच काही सुचलं होतं. पण तिनं चित्रावर बोट ठेवलं.

"हा," ती म्हणाली. "डावीकडचा."

सोनबानं पुस्तक जवळ धरलं. मग लांब धरलं.

"बारीक झालोय की गं."

"काळजीनं."

"आणि तू गोरी दिसतियास."

"छापताना होतं तसं."

"मान एवढी लांब का आहे पण माझी?"

मोहाबाई त्याच्या शेजारी टेकली.

"माझी वाट बघत होतास," ती म्हणाली.

सोनबानं पुन्हा चित्र बघितलं.

"मग बरोबर काढलंय," तो म्हणाला.

तात्पर्य : प्रेम सगळ्यांनाच होतं, पण शोभतं बगळ्यांना. तेव्हा मुलांनो, कुणावर जीव जडलाच तर आधी तळ्यावर जाऊन स्वच्छ अंघोळ करा. तरीही काळेच निघालात, तर गडबड करू नका. तिसऱ्या आवृत्तीला बघू.