एक तुकडा कमी

लोर्ना थिबोने सकाळपासून तिसऱ्यांदा तेच पत्र लिहिलं. ‘आपल्या खोक्यात एक तुकडा कमी निघाला, त्याबद्दल दिलगीर आहोत. सोबत तुकडा पाठवत आहोत.’ अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या, तुकडे जुळवून चित्र पुरं करायच्या जिगसॉ कोड्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं ती हेच करत होती. तुकडा बहुतेक वेळा कुत्र्याने खाल्लेला असायचा, माफी मात्र लोर्नाने मागायची. आता तिला अगदी नको नको झालं होतं.

त्यात मालक ड्वाइटच्या डोक्यात खूळ शिरलेलं. या महिन्यात नवं कोडं निघालं नाही, तर नाताळच्या ऑर्डरी हुकणार, कारखान्याला टाळं लागणार आणि चौदा माणसं घरी बसणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावर त्याचा उपाय काय, तर दर मंगळवारी प्रत्येकाने आपली सगळ्यात टुकार कल्पना सांगायची आणि त्यातल्या सर्वांत टुकार कल्पनेचा नमुना बनवायचाच. मागच्या मंगळवारी शेणाच्या वासाचं कोडं झालं होतं. कापायचं यंत्र धुणं अजून चालू होतं.

“लोर्ना, तुझी कल्पना?”

“मुद्दामच एक तुकडा कमी घाल. निदान पत्रं तरी लिहायला नकोत मला.”

ड्वाइटचा चेहरा उजळला. “याच्याइतकं टुकार अजून कोणी बोललं नाही.”

“अरे, वैतागून बोलले मी.”

“वैतागून बोललेलंच हवंय मला. नमुना कर.”

नमुने गावातल्या ज्येष्ठांच्या हॉलमध्ये लावून बघायची पद्धत होती. लोर्नाने छप्पर असलेल्या जुन्या लाकडी पुलाच्या चित्राचे तुकडे टेबलावर ओतले, एक तुकडा कमी असल्याचं काही बोलली नाही आणि कोपऱ्यात कॉफी घेऊन बसली. तिसऱ्या दिवशी पूल पुरा झाला, फक्त छपराला पाच भोकं राहिली. टेबलावर सुटा एकही तुकडा उरला नव्हता. कोडं लावायला बसलेल्या आर्लीनबाईंनी चष्मा काढला.

“एल्वुड, खिसे रिकामे कर.”

शेवटचा तुकडा लावायचा मान आपल्यालाच मिळावा म्हणून एखादा तुकडा हळूच लपवून ठेवणारं माणूस त्या भागात घरटी एक असतं. एल्वुड तर चाळीस वर्षं यासाठी बदनाम होता. त्याने निमूटपणे एक तुकडा काढून लावला.

“आता तुझी पर्स उघड,” तो म्हणाला.

“माझी कशाला?”

“उघड तर.”

पर्समधून एक तुकडा निघाला. पाद्रीबुवांच्या चष्म्याच्या डबीतून एक आणि स्वयंपाकीणबाईंच्या एप्रनमधून एक. तरी एक भोक राहिलंच. मग सगळे लोर्नाकडे वळले.

“तो तुकडा मुळात घातलेलाच नाही हो,” ती म्हणाली.

“चोर असंच बोलतात,” एल्वुड म्हणाला.

सोफ्याच्या उशा काढल्या, बूट झटकले, पाद्रीबुवांना मोजे उतरवायला लावले. नवरा गेल्यापासून वर्षभर आर्लीनबाई कोणाशी धड बोलत नव्हत्या, त्या डोळे पुसत हसत होत्या. लोर्नाला ते बघून फार बरं वाटलं. निघताना त्यांनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, “पुढचं कोडंही असंच आण गं.”

हे ऐकून ड्वाइटने खोक्यावर छापलं, ‘तुकडे चारशे नव्याण्णव. पाचशेवा कोणाच्या खिशात आहे, ते तुमचं तुम्ही बघा.’ नाताळपर्यंत यंत्र दोन पाळ्यांत चाललं. कारखाना वाचला, चौदाच्या चौदा माणसं कामावर राहिली आणि मंगळवारही राहिले.

जानेवारीत लोर्नाचं टेबल रिकामं होतं, तक्रारीचं एकही पत्र नव्हतं. सुटले बाई, असं म्हणून तिने खुर्चीत पाय वर घेतले, तेवढ्यात टपाल आलं. ओहायोहून कोणा कुटुंबाने लिहिलं होतं, ‘आम्ही आजोबांच्या कपड्यांचीसुद्धा झडती घेतली. शेवटी तुकडा खोक्याच्या तळाशीच सापडला. पाचशेच्या पाचशे निघाले. आमची फार निराशा झाली.’

लोर्नाने पाय खाली घेतले, कागद पुढे ओढला आणि लिहायला लागली, ‘आपल्या खोक्यात एकही तुकडा कमी निघाला नाही, त्याबद्दल दिलगीर आहोत.’