कंपनीला कुणी हाव म्हणलं?

भोकरमधल्या निम्म्या लोकांची तोंडं पासपोर्ट फोटोत किंचित उघडी दिसतात. हा दोष गावाचा नाही, रंगनाथमामांचा आहे. त्यांचा फोटो स्टुडिओ माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं, मान सरळ झाली, की मामा कॅमेऱ्यामागून विचारतात, "काढू का?" समोरचा "हाव" म्हणतो, म्हणजे आमच्याकडचा होकार, आणि नेमका तेव्हाच मामा खटका दाबतात. त्याआधी नाही. "इचारून घेतलेलं बरं," हे त्यांचं पालुपद. एकदा एकानं विम्याच्या फोटोसाठी म्हैस आणली, तर मामांनी तिलाही विचारलं. तिनं मान हलवेपर्यंत आम्ही सगळे उन्हात उभे होतो.

तर अशा माणसाच्या लॅपटॉपवर मागच्या महिन्यात एक निरोप आला. ज्या सॉफ्टवेअरमध्ये मामा फोटो सुधारतात आणि साठवतात, त्या कंपनीनं अटी बदलल्या होत्या. साठवलेले फोटो दाखवून ती आपल्या एआयला शिकवणार होती. खाली 'मान्य आहे' असं बटण. मामा लेकरू कडेवर घ्यावं तसा लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आले. मी म्हणालो, दाबा आणि मोकळे व्हा, सगळी दुनिया दाबते. मामांनी लॅपटॉप काउंटरवर ठेवला.

"लोकायनं मला हाव म्हणलं. कंपनीला कुठं म्हणलं?"

मी चहा मागवला.

दुसऱ्या दिवसापासून स्टुडिओ दुपारनंतर बंद. मामा स्कूटीवरून गावोगाव, लग्नाचं आवतन द्यायला निघाल्यासारखे. ज्यांच्या लग्नाचे फोटो काढले, त्यांच्या ओसरीवर बसून ते अटी समजावून सांगत. एक आजीबाई म्हणाल्या, घेऊ दे की, पण आधी डोक्यावरचा पदर नीट करायला सांग. एकानं बायकोसमोर हाव म्हटलं आणि रस्त्यापर्यंत सोडायला येऊन न्हाई म्हटलं. मामांनी त्याच्या दोन्ही उत्तरांचा मान राखला आणि त्याचा फोटो अर्धा कापायचं ठरवलं.

मला राहवेना. एका संध्याकाळी माझ्या दुकानातच त्यांच्या लॅपटॉपवर शोधाशोध केली, तर सेटिंगच्या पार तळाशी 'माझे फोटो वापरू नका' असा पर्याय सापडला. तो निवडला आणि फुशारकीनं सांगितलं, झालं काम, आता कुणालाच विचारायला नको. मामांचा चेहरा पडला.

"म्हंजी आता इचारायचं कामच न्हाई?"

ते नुसतेच माउस फिरवत बसले. मग त्यांनी एक फोटो उघडला. पुढचे दात पडलेली लहान मुलगी, तोंड अर्थातच उघडं. ही जयश्री, मामांची एकुलती लेक. तिनं लातूरला आपल्या पसंतीनं लग्न केलं, तेव्हा मामा गेले नाहीत. साऱ्या तालुक्याची लग्नं टिपणाऱ्या माणसाकडे स्वतःच्या लेकीच्या लग्नाचा एकही फोटो नाही. तेव्हापासून बोलणंही बंद, नातही मामांनी अजून पाहिलेली नाही. गावोगाव विचारत फिरताना मामा तिला विचारायची हिंमत गोळा करत होते, आणि मी शहाण्यानं त्यांचं निमित्तच काढून घेतलं होतं. मला फार वाईट वाटलं.

"मामा, कंपनीचा काय भरवसा?" मी म्हणालो. "उद्या पुन्हा अटी बदलतील. इचारून घेतलेलं बरं."

त्यांनी माझ्याच काउंटरवरून फोन लावला. मी झेरॉक्सचं मशीन बंद केलं. तुझा लहानपणीचा फोटो हाय, कंपनी मागून राहिली, असं सांगताना आवाज अगदी दुकानातला होता. मग तो बारीक झाला. मग ते नुसतेच ऐकत राहिले. फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय म्हणाली?

"कंपनीला न्हाई म्हणली."

"आणि?"

"मी इचारलं, येऊ का नातीचा फोटो काढायला. तर हाव म्हणली."

एवढं बोलून त्यांचं तोंड किंचित उघडंच राहिलं, त्यांच्या गिऱ्हाइकांसारखं. माझा मोबाइल हातातच होता. पण विचारल्याशिवाय फोटो कसा काढणार?