वडीलबाईची पायरी

गुणाजी आबांनी आयुष्यात कशालाही 'जुनं' म्हटलं नाही. जुना पिंपळ असेल तर तो 'वडील पिंपळ', वेशीतला जुना दगड 'वडील दगड'. गावातल्या पायऱ्यांच्या दगडी बारवेला ते 'वडीलबाई' म्हणत. रोज सकाळी खांद्यावर घागर घेऊन यायचे, चपला काढायचे, पहिल्या पायरीला हात लावून "राम राम, वडीलबाई" म्हणायचे आणि मगच खाली उतरायचे. उलट, नवं जे जे असेल ते 'पोरगं'. माझी सायकल पोरगं, पंचायतीचा रेडिओ पोरगं. मीही पोरगंच, कारण ग्रामसेवक हा प्राणीच गावात नवा होता.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालेलं. मेहकर तालुक्यातल्या त्या गावी माझी पहिली नेमणूक, आणि आबा माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. नाल्याकाठी त्यांची वांग्यांची वाडी होती. घरात माणसं दोनच, आबा आणि काशीबाई. मूलबाळ नव्हतं. काशीबाई गोड स्वभावाच्या; मी एकटा राहतो म्हणून भिंतीवरून ठेचा-भाकरी द्यायच्या. पण घराबाहेर त्या फारशा दिसायच्या नाहीत.

घरचं पाणी आबाच भरायचे. घरात धडधाकट बाई असताना पुरुषानं घागर उचलायची, म्हणजे चावडीवरच्या रिकामटेकड्यांना जन्माचा विषय. "आबा, काशीबाईनं पायाले मेंदी लावली काय?" असं कोणी विचारलं, की आबा भर रस्त्यात थांबायचे.

"इतिहास काय सांगते?"

हा त्यांचा ठरलेला सवाल. उत्तरासाठी मात्र ते कधी थांबत नसत. "इतिहास सांगते, लढाईत राजे सोताच पानी भरत. तिथं कुठी रान्या होत्या घागरी घेऊन?"

मी एकदा विचारलं, "कोणत्या लढाईत, आबा?"

"इतिहासाले लय खोदून इचारू नये बे. तो लाजते."

माझ्या सायकलचं चाक पंक्चर झालं, तेव्हा चार माणसांत म्हणाले, "इतिहास काय सांगते? घोडा पंक्चर होत नसते." अशा माणसाशी वाद घालायचा कसा, हे मला सरकारी प्रशिक्षणात कोणी शिकवलं नव्हतं.

मग गावात नळ आला. उद्घाटनाला पाहुण्यांनी तोटी फिरवली, तर आधी नुसती हवा फुसफुसली, मग गढूळ पाणी आलं. सरपंचांचा चेहरा उतरला. आबा पहिल्याच रांगेत होते. "पोरगं हाये," ते मोठ्यानं म्हणाले. "रडल्याबिगर कसं चालन?"

पुढे नळ चांगला चालला आणि पंचायतीला उत्साह आला. आता बारव कशाला हवी? शेवाळ, डास, नुसती अडगळ. ती मुरूम टाकून बुजवावी आणि वर बाजाराचे ओटे बांधावेत, असा ठराव झाला. तो मीच लिहिला, आणि मोठ्या हौसेनं लिहिला. मलाही गावात काहीतरी नवं करून दाखवायचं होतं.

आबा सभेत उभे राहिले. "पोराच्या भरवशावर मायले घराबाहेर काढता काय बे? उद्या हे पोरगं रुसलं, तं लोकायले प्यायले काय देसान? ठराव?"

सभा हसली. सरपंच समजुतीनं म्हणाले, "आबा, जग चंद्रावर जायच्या गोष्टी करून राह्यलं, अन् तुम्ही अजून बारवेत उतरून राह्यले."

"जाऊ द्या ना. तिथं पानी नसते. तहान लागली का वापस इथंच येतीन."

सभा पुन्हा हसली आणि ठराव कायम राहिला.

ठरल्या दिवशी मुरमाच्या बैलगाड्या बारवेपाशी लागल्या. बघतो तर आबा पहिल्या पायरीवर मांडी घालून बसलेले. मी कपाळाला हात लावला. पण आबा शांत होते. म्हणाले, "बुजवा. माही ना नाही. पन रीतीनं बुजवा."

त्या गावात बाळंतीण सव्वा महिन्यानं पहिल्यांदा घराबाहेर पडायची ती या बारवेवरच. हळदकुंकू वाहून, बारवेची पूजा करून, मग पहिली घागर घरी न्यायची. "जिनं जिनं आपलं लेकरू हिच्या पायाशी आनलं," आबा म्हणाले, "तिनं येऊन हिचा निरोप घ्यावा. इतिहास काय सांगते? पाव्हन्यालेही कोनी बिनानिरोपाचं धाडत नाही."

यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. सरपंचांनी निरोप धाडले. त्यांना वाटलं, चार म्हाताऱ्या येतील, कुंकू वाहतील, जातील. आणि अख्ख्या गावातल्या बाया आल्या. सर्वांत पुढे काठी टेकत खुद्द सरपंचांची आई, गिर्जामाय. ती पायऱ्या उतरली, पूजा केली आणि खालच्या पायरीवर बसूनच राहिली.

"मी काही निरोप देत नाही," ती काठी सरपंचांकडे रोखून म्हणाली. "या बैताडाले मी सव्वा महिन्याचा घेऊन इथंच आली होती. तोच आता हिच्यावर मुरूम टाकते? टाक. पयले माह्यावर टाक!"

सरपंचांनी टोपी काढली, पुन्हा घातली. बाकीच्या बायाही एकेक करून पायऱ्यांवर बसल्या. शेवटी गाड्या वळल्या आणि तो मुरूम शाळेच्या रस्त्यावर पडला. माझ्या ठरावानं गावाचं झालं ते एवढंच भलं.

बाया घरोघर निघाल्या, पण आबा जागचे हलेनात. गिर्जामाय वर येऊन म्हणाली, "गुना, आता तं ऊठ. जितला ना तू?"

"नाही, माय. एक जनी राह्यली."

आबांचा आवाज खाली आला. "लग्नाले धा वर्सं झाली, तरी काशीची कूस उजवली नव्हती. बाळंतिनीची पूजा चालू होती, अन् ती पान्याले आली. वांझेची सावली नोको म्हनून तू तिची घागर बाजूले सारली. त्या दिवसापासून ते घागर माह्या खांद्यावर हाये."

ते पाणी भरणारे राजे, त्या लढाया, सगळं या माणसानं बायकोची लाज झाकायला रचलं होतं, आणि गावासोबत मीही त्याला हसलो होतो. मला राग आला. म्हणालो, "अशा बारवेसाठी तुम्ही भांडलात कशाला, आबा? बुजली असती तर बरंच झालं असतं!"

"वडील चुकतात बे. कोनाले पायरी उतरू देत नव्हते, कोनाले पान्याले हात लावू देत नव्हते. म्हनून काय वडिलायले बुजवून टाका लागते? त्यायची चूक त्यायच्याच दारात दुरुस्त करून घ्या लागते. हे बुजली असती, तं काशीले मी कोठी आनलं असतं?"

काठी टेकत गिर्जामाय तडक आबांच्या घरी गेली. बऱ्याच वेळानं परत आली, तेव्हा काशीबाईंचा हात तिच्या हातात होता. काशीबाईंनी डोक्यावरचा पदर पार नाकापर्यंत ओढला होता. पायरीवर म्हातारीनं त्यांना कुंकू लावलं, खणानारळानं ओटी भरली आणि म्हणाली, "काशे, चुकलं माहं. उतर." काशीबाई एकेक पायरी उतरल्या. आबा मात्र वडील पिंपळाकडे तोंड करून उभे राहिले आणि धोतराच्या सोग्यानं खुशाल नाक पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत दारात उभा होतो. काशीबाई कमरेवर घागर घेऊन पुढे, आबा मागे. हात मोकळे, आणि त्या मोकळ्या हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. कधी पाठीमागे बांधत, कधी खांद्यावर नेत. मलाही राहवलं नाही, मी मागोमाग गेलो. बारवेपाशी आबांनी चपला काढल्या, पायरीला हात लावला आणि मला बघून सवयीनं सुरू केलं, "इतिहास काय सांगते?"

"इतिहास सांगते," काशीबाई म्हणाल्या, "बाजूले सरा. मले पानी भरू द्या."

आबा बाजूला सरले.