पंधरावा वापरकर्ता

सूचीकारांच्या ब्लॉगला एकच वाचक होता, आणि त्या वाचकाला दिसत नव्हतं.

हा वाचक म्हणजे त्यांची थोरली बहीण. वय त्र्याऐंशी, बत्तीस वर्षं मुख्याध्यापिका, मुक्काम दुसऱ्या गावी. सूचीकार तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. त्यांनी आयुष्यभर इतरांच्या जाडजूड पुस्तकांच्या शेवटी येणाऱ्या सूच्या केल्या होत्या. कोणता शब्द कोणत्या पानावर, एवढंच काम. तिथवर वाचक पोचत नाहीत, आणि पोचले तरी ही सूची कुणी केली असं विचारत नाहीत, याची त्यांना सवय होती. निवृत्तीनंतर सुनेनं त्यांना ब्लॉग काढून दिला, आणि त्यावर त्यांनी अप्पांबद्दल, म्हणजे वडिलांबद्दल, एक्केचाळीस लेख लिहिले. अप्पा तराजू आणि वजनकाटे दुरुस्त करायचे. अप्पांना ओळखणारं आता ताईशिवाय जगात कुणी उरलं नव्हतं. त्यामुळे ताईनं वाचून ‘बरं आहे’ म्हटल्याखेरीज आपण लिहिलंय ते बरं आहे की नाही, हे कळायला सूचीकारांकडे दुसरा मार्गच नव्हता.

आणि ताई फोनवर म्हणत होती, “अरे बारक्या, मुंग्या सोडल्यासारखं दिसतंय सगळं. वाचू कसं?”

“चष्मा लावून बघितलंस का?”

“लावला. मुंग्या वाढल्या.”

सून कामावर निघाली होती. पायात चप्पल सरकवता सरकवता तिनं उपाय सांगितला. “बाबा, एक प्लगइन टाका. ब्लॉगला जोडायचे छोटे तयार भाग असतात ते. यादीतून निवडायचं, बटण दाबायचं, झालं. अक्षर मोठं करणारं घ्या. फक्त किती लोक वापरतात तेवढं बघा. लाखभर लोक वापरत असतील तर डोळे मिटून घ्यायचं.”

डोळे मिटून सूचीकारांनी आजवर काही केलं नव्हतं. त्यांनी यादी उघडली. अक्षर मोठं करणारी दोनशे बारा प्लगइन होती. पहिलं नऊ लाख लोक वापरत होते. मोठ्या साहेबांच्या दालनाबाहेर उभं राहिल्यासारखं त्यांना वाटलं. इथे आपलं काय काम? ते हळूहळू खाली सरकत गेले. कुणी जात नाही तिथवर गेले. शेवटच्या पानांबद्दल त्यांना पहिल्यापासूनच माया होती. आणि तिथे, तळाशी, एक प्लगइन अंग चोरून बसलं होतं. वापरकर्ते : चौदा. खाली ते बनवणाऱ्यानं लिहिलं होतं, “काही अडचण आल्यास जरूर कळवावे. अद्याप कुणीही कळवलेले नाही.”

हे दुसरं वाक्य सूचीकारांनी दोनदा वाचलं. त्यांनी बटण दाबलं.

“अगं, इकडे ये, बघ,” त्यांनी बायकोला हाक मारली. “पंधरा झाले!”

“कोण पंधरा?”

“वापरणारे.”

“आणि ताईंचं अक्षर?”

“ते होईल की.”

ते झालंही. अक्षर छान टपोरं झालं. फक्त, कुणी पान उघडलं की ते प्लगइन अक्षर थोडं मोठं करायचं, आणि आपण मघाशीच ते मोठं केलंय हे विसरून पुढच्या वेळी आणखी थोडं. ताईला दिसतंय ना, हे तपासायला सूचीकार दिवसातून तीस-चाळीसदा पान उघडत होते. तिसऱ्या दिवशी ताईचा फोन आला.

“बारक्या, मी सकाळपासून ‘अप्पांचं’ एवढंच वाचतेय. अप्पांचं काय?”

“दुकान, ताई. पुढे दुकान आहे. जरा बाजूला सरकव ना.”

“सरकवतेच आहे. अंगठा दुखायला लागला. अजून अनुस्वारच चाललाय.”

सूचीकारांनी फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला.

“काढून टाका ना मग ते,” बायको म्हणाली.

“काढलं की पुन्हा चौदा होतील गं. त्याला दिसेल ते.”

“कुणाला?”

“ज्यानं बनवलंय त्याला. एवढ्या दिवसांनी एक वाढला आणि लगेच गेला. मनाला लावून घेईल.”

“तुमची बहीण तिकडे एका अक्षरात अडकलीय, आणि तुम्हाला त्याच्या मनाची पडलीय!”

ती म्हणत होती त्यात चूक काही नव्हतं. सूचीकारांना नेहमीच समोरच्याचं पटायचं, आणि पटल्यावर काय करायचं ते सुचायचं नाही. शेवटी त्यांनी असा विचार केला, की अक्षर वाचायलाच लागू नये, म्हणजे ते केवढं आहे हा प्रश्न राहणार नाही. लेख मोठ्यानं वाचून दाखवणारं एक प्लगइन होतं. वापरकर्ते : नऊ. त्यांनी दहावा होण्याचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी फोनमध्ये ताईच्या मागे एक पुरुषी आवाज संथपणे बोलत होता.

“हा माणूस कोण आहे? अप्पांबद्दल सांगतोय की गाडी उशिरा येणार म्हणून सांगतोय?”

“ते यंत्र आहे ताई. त्याला थांबवता येतं.”

“थांबत नाही! एक लेख संपला की श्वास न घेता दुसरा सुरू करतो. उशीखाली ठेवला फोन. उशी बोलायला लागली.”

तेव्हा थांबवण्याच्या बटणाचं एक प्लगइन घ्यावं लागलं. वापरकर्ते : पाच. ते बटण चांगलं होतं, पण पहिल्या प्लगइननं त्यालाही मोठं केलं आणि ते पडद्याच्या बाहेर गेलं. दोघांचं एकमेकांशी पटेना. सूचीकारांना दोघांचीही बाजू समजत होती.

पण खरा घोटाळा वेगळाच निघाला. तो वाचणारा माणूस लेखाखालच्या प्रतिक्रियाही वाचत असे, आणि ताईच्या प्रतिक्रिया नसल्या तरी तिथे कुठून कुठून आलेल्या जाहिराती साचल्या होत्या.

“अप्पांचा शेवटचा दिवस सांगत होता,” ताई म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता, आणि तो खाली आला की शाळेत मुलं उभी राहायची. “सांगता सांगता मधेच टकलावर केस उगवायचं औषध विकायला लागला. अप्पांना टक्कल होतं हे खरं आहे बारक्या. पण ही वेळ आहे का?”

सूचीकारांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. संध्याकाळपर्यंत त्यांनी ब्लॉगच्या दारावर पहारेकरी बसवला. वापरकर्ते : सहा. जाहिराती करणारी यंत्रं ओळखून बाहेर ठेवायची, हे त्याचं काम. त्याच बैठकीत, “हे सगळं एक दिवस कोसळलं म्हणजे?” असं बायकोनं विचारल्यावरून, लेखांची जपणूक करणारंही एक घेतलं. आता मात्र सगळी सोय झाली असं त्यांना वाटलं. असं वाटलं की ते घाबरायचे.

“तुझ्या ब्लॉगनं मला विचारलं, तुम्ही माणूस आहात का,” ताई म्हणाली. “मला! तुझ्या सख्ख्या बहिणीला!”

“ते सगळ्यांनाच विचारतं गं.”

“सगळ्यांना म्हणजे कुणाला? तिथे माझ्याशिवाय येतं कोण?”

“मग पुढे काय झालं?” सूचीकारांनी विचारलं.

“नऊ चित्रं दाखवली. पूल असलेली निवडा म्हणे. तिसऱ्या चित्रात पूल नव्हताच, रस्त्याखालची मोरी होती. मी नाही निवडली. तर म्हणे चूक! मोरीला पूल म्हणायचे दिवस आले का आता?”

“नाही ताई, पण त्याला वाटलं असेल की—”

“तीनदा झालं. मग खाली आलं, ‘आपण माणूस नसल्याचे आढळून आले आहे.’ बत्तीस वर्षं मी लोकांच्या पोरांना नापास केलं, पण असा शेरा कुणाच्या प्रगतिपुस्तकावर नाही लिहिला. पुन्हा येऊ नका म्हणे, कायमचं!”

सूचीकार घाईघाईनं पहारेकऱ्याला काढायला गेले. इतक्या थराला गोष्ट गेल्यावर साताचे सहा झाले तरी चालतील, असं त्यांनी मन घट्ट केलं होतं. पण आत शिरायच्या आधी पहारेकऱ्यानं त्यांनाही नऊ चित्रं दाखवली. सातव्या चित्रात, एका कोपऱ्यात, पुलाच्या खांबाचं टोक दिसत होतं. एवढ्याशा टोकासाठी ‘पूल’ या शब्दापुढे हे पान द्यावं का? सूचीकारांनी चाळीस वर्षं असे निर्णय घेतले होते, आणि घाईनं एकही घेतला नव्हता. रीतसर पाहिलं तर इथे ‘खांब’ लिहून पुढे ‘पाहा : पूल’ अशी नोंद हवी होती. तशी सोय पडद्यावर कुठे आहे ते ते शोधत राहिले, आणि वेळ संपली. तेही माणूस नसल्याचं आढळून आलं.

या निकालाचा त्यांना धक्का बसला असं नाही. बरीच वर्षं त्यांना तशी शंका होतीच.

सून संध्याकाळी घरी आली तेव्हा सासरे बंद संगणकासमोर हात मांडीवर ठेवून बसले होते. तिनं पर्सही खाली ठेवली नाही.

“बाबा, किती टाकलीत?”

“पाच.”

“मी एक सांगितलं होतं. आणि लाखभर लोक वापरतात असं.”

“त्यांना आपली काय गरज गं? लाखभर आहेतच.”

सुनेनं एकदा सासूकडे पाहिलं. सासूनं छताकडे पाहिलं.

“तुम्ही प्लगइन निवडत होता की अनाथ मुलं सांभाळत होता?” सून खुर्ची ओढून बसली. “मला मागच्या दारानं आत जाता येतं. सगळी एकदम बंद करते. लेखांची वेगळी प्रत आहे ना?”

“आहे तर. त्यासाठीच पाचवं घेतलंय.”

“छान. कागदावर?”

“कच्चे कागद हिनं टाकायला लावले. पसारा होतो म्हणून.”

“मी का?” सासू म्हणाली. “तुम्हीच म्हणालात, आता ते सुरक्षित आहेत.”

सुनेनं बटण दाबलं. पान उघडलं. ते स्वच्छ, पांढरंशुभ्र होतं. अक्षर नाही, आवाज नाही, पहारेकरी नाही. तिनं पुन्हा उघडलं. मग तिसऱ्यांदा. मग तिचा चेहरा बदलला.

“बाबा, ते जपणूक करणारं... त्यानं प्रत नव्हती काढली. मूळ लेखच उचलून स्वतःच्या पोटात ठेवले होते. ते बंद केलं, त्याबरोबर गेले.” ती थोडं थांबली. “किती जण वापरत होते ते?”

“मला धरून दोन.”

“दुसरा कोण?”

“बनवणाराच असावा,” सूचीकार म्हणाले.

सून दोन दिवस रजा काढून खटपट करत राहिली. त्या बनवणाऱ्याला तिनं पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं, की त्याचेही लेख असेच गेले आहेत, आणि सापडले तर त्यालाही कळवावं.

तिसऱ्या दिवशी सूचीकारांनी ताईला फोन लावला. काय बोलायचं ते त्यांनी चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं. पण चिठ्ठीतलं पहिलं वाक्य त्यांना पसंत पडेना, म्हणून ते नुसतंच म्हणाले, “ताई, गेले सगळे. एक्केचाळीसही. आणि तुला एकही वाचायला मिळाला नाही.”

पलीकडे ताईनं खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“बारक्या,” ताई म्हणाली, “माझे डोळे चांगले आहेत.”

“म्हणजे?”

“ऑपरेशन झाल्यापासून सुईत दोरा ओवते मी. तुझे लेख पहिल्याच आठवड्यात वाचले होते, सगळे.”

“मग मुंग्या?”

“मुंग्याबिंग्या काही नव्हत्या रे. काय सांगणार होते तुला? तू लिहिलेले अप्पा मला कधी भेटलेच नाहीत. शांत काय, हळू बोलणारे काय! मी शाळेत होते तेव्हा गिऱ्हाइकावर शेराचं वजन फेकून मारलं होतं त्यांनी. तुझ्या वाट्याला दमलेले अप्पा आले, ते तुला शांत वाटले. हे तुला सांगावं तर तू लिहिणं सोडशील. तिसरीत तुझ्या निबंधाला मी हसले, तर दोन वर्षं तू माझ्यासमोर पेन उघडलं नाहीस. म्हणून म्हटलं, दिसत नाही. मला काय माहीत तू एवढं काही करत बसशील! ते अक्षर भिंतीएवढं झालं तेव्हा मला हायसं वाटलं होतं. म्हटलं, आता विचारणार नाही.”

सूचीकारांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. बायको दारात उभी होती. त्यांनी तिला हातानंच ‘काही नाही’ अशी खूण केली. मग जे विचारायला तीन आठवडे धीर होत नव्हता, ते एकदाचं विचारलं.

“ताई, एखादा तरी बरा होता का गं?”

ताई विचार करत होती. ती कुणाला उगाच गुण देणाऱ्यांतली नव्हती. सूचीकारांना वाटलं, फोन कट झाला.

“सतरावा,” ती म्हणाली.

“सतरावा?”

“हो. सतरावा चांगला होता. त्यात अप्पा अगदी अप्पांसारखेच होते. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं माझ्या.”

सूचीकारांनी डोळे मिटले. इतरांच्या पुस्तकांतलं कुठलं नाव कोणत्या पानावर आहे, हे त्यांना अजून झोपेत सांगता आलं असतं. सोळाव्या लेखात छपराची गळती होती. अठराव्यात ताईचं लग्न. मधला सतरा हा आकडा क्रमांक घालताना त्यांच्याकडून सुटला होता; सतरावा लेख त्यांनी लिहिलाच नव्हता.

“कशावर होता गं तो?” त्यांनी विचारलं.

“ते आता कुणाला आठवतंय,” ताई म्हणाली. “पण चांगला होता.”