मधले दहा

तूवाचे लग्न चर्चमध्ये नुकतेच लागले होते. वऱ्हाड कधीही हॉलवर आले असते, आणि तिचे वडील आयविंड शेवटची पाहणी करायला पुढे आले होते. मुख्य टेबलापाशी येऊन ते थबकले.

टेबलावर त्यांच्या थोरल्या बहिणीने, बोर्गहिल्डने, हिवाळाभर बसून भरलेले तागाचे लांबलचक कापड अंथरले होते. त्यावर लाल दोऱ्याने एकच संख्या भरायची होती: एकपासून दहापर्यंत चढायचे, मग नऊपासून एकपर्यंत उतरायचे. वीस आकडी मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही भाग जात नाही. आयविंड ट्रॉनहाइमला शाळेत गणित शिकवत. त्यांचे सगळे भाषण या संख्येवर बेतलेले होते. या जोडीलाही असाच कुणानेही भाग जाऊ नये, असा शेवट होता.

"बोर्गहिल्ड, मधलं दहा कुठं गेलं?"

"गाळलं. दातात काटा अडकल्यासारखं दिसत होतं ते. आता कसं दोन्हीकडून सारखं दिसतंय."

"अगं, पण आता तीननं भाग जातो."

"कुणाला कळतंय?"

"आकड्यांची बेरीज नव्वद होते. तिसरीतलं पोरही सांगेल."

"मग त्याला लांब बसव."

आयविंडनी दाराकडे पाहिले. नेमके तीन. सूत्रसंचालनाला होकोन होता. नवरदेव यूस्टाइन भेटण्याआधी तूवाचे लग्न होकोनशीच व्हायचे होते, आणि आज तो नवरा-नवरीच्या टेबलावरच तिसरा म्हणून बसणार होता. आता भागाकाराचे नाव काढले, की सगळा हॉल होकोनकडे बघणार.

त्यांनी बदामाच्या कड्यांचा उंच केक उचलला आणि बरोबर मधोमध ठेवला. मधले दहा खाली झाकले गेले असेल, असे कुणालाही वाटले असते.

जेवण सुरू झाले. होकोन हसतमुखाने उठला. "केकच्या मागं नवरीच दिसत नाहीये," म्हणत त्याने केक बाजूला सरकवला. "आता आयविंड आपल्याला ही संख्या समजावून सांगतील."

आयविंड उभे राहिले. तूवा एकेका आकड्यावर बोट ठेवत ओठांतल्या ओठांत बेरीज करत होती. लहानपणी तिला ही खोड त्यांनीच लावली होती. ते हवामानावर बोलले, यंदाच्या सॅमन माशांवर बोलले, जावयाच्या स्कीइंगचे कौतुक करून खाली बसले. संख्येचे नावही काढले नाही.

तूवा त्यांच्या कानाशी वाकली. "बाबा, तीननं भाग जातो."

"माहितीये गं. मी काय म्हणतो, ते—"

"पण तुला कळलं कसं? आम्ही अजून कुणालाच सांगितलं नव्हतं." तिचे डोळे भरून आले होते. "मार्चमध्ये होईल बाळ."

आयविंडनी तिचा हात हातात घेतला. शेजारी यूस्टाइन लाजून कापडाकडे बघत होता. त्या संख्येला नऊनेही भाग जातो आणि अकरानेही, हे त्यांनी जावयाला सांगितले नाही.