पी/ई वाढला, ओटा पडला

शेअरबाजारात माणसं बुडतात ती अभ्यास नसल्यामुळे, असं बाबारावांचं ठाम मत होतं. स्वतःचा अभ्यास त्यांनी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर मोबाइलवर, पंधरा दिवसांत उरकला होता!

"अवं, पी/ई म्हणजे शेअरचा भाव भागिले शेअरमागची वर्षाची कमाई," ते प्रेमलताबाईंना समजावत होते. "ही बँक पाहा. पाच वर्षं पी/ई बाराच्या खाली नाही आला. आता सहा! बर्डीच्या बाजारात सेल लागल्यावानी आहे!"

"इतकी चांगली आहे तं सस्ती काहून?"

"लोकाइले समजत नाही म्हणून!"

पैसे प्रेमलताबाईंच्या भिशीचे होते. नव्या ओट्यासाठी ठेवलेले! जुना ओटा इतका खचला होता की पातेल्यातलं वरणसुद्धा एका कडेला जमायचं.

"पी/ई दुप्पट झाला का त्याच दिवशी ओटा! माझा शब्द!" बाबारावांनी जाहीर केलं आणि शेअर घेतले.

त्यानंतर भावाकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. "रोज भाव पाह्यते तो जुगारी. अभ्यासू माणूस पी/ई पाह्यते!"

वर्षभराने बँकेचा निकाल लागला आणि मोबाइलवरची पी/ईची रेघ टुणकन वर उडाली.

"प्रेमलता! चौदा! दुप्पट होऊन वर दोन!"

बाबाराव शब्दाचे पक्के. दुपारी बळीराम मिस्त्रीचा घण ओट्यावर पडलासुद्धा! संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरात मलब्याचा ढीग, शेगडी गॅलरीत आणि शेजाऱ्यांच्या तोंडात संत्रा बर्फी.

"साहेब, ग्रॅनाइटचे पैसे द्या नं," बळीराम म्हणाला.

शेअर विकायला बाबारावांनी ॲप उघडलं. एकशेवीसला घेतलेला शेअर एकशेपाचवर बसला होता! त्यांनी पुण्याला फोन लावला. लेक मयुरा तिथे सीए होती.

"मयुरा, हे ॲप बिघडलं! पी/ई वर, पैसे खाली!"

"बाबा, त्या बँकेनं मागच्या वर्षी स्वतःची जुनी इमारत विकली होती नं! तो पैसा कमाईत धरला, म्हणून पी/ई सहा दिसला. औंदा विकायला इमारत नाही. कमाई पडली, ज्यानं भागायचं तो आकडा लहान झाला, म्हणून उत्तर मोठं आलं. भाव कुठं वाढला?"

"मंग मी काय पाहाले पाह्यजे होतं?"

"कमाई कुठून आली ते! एकाच वर्षाच्या कमाईवर भुलायचं नसते, बाबा."

फोन स्पीकरवर होता. गॅलरीत खिचडी ढवळणाऱ्या प्रेमलताबाईंचा हात थांबला.

"हे माझ्या बाबाइले सांगाले कोणी नव्हतं," त्या म्हणाल्या.

"काहून?" बाबाराव चाचरले.

"तुमचं स्थळ पाहतानी त्यांनीबी एकाच वर्षाचा पगार पाह्यला होता. नेमके त्याच वर्षी तुमाले एरियर्स मिळाले होते!"